वैशाखात मिटलेल्या, आषाढात उघडलेल्या खिडक्या

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातला फोन. पत्ता नाही, नाव नाही, थेट कपाटापासून सुरुवात. "मॅडम, शालूवर बुरशी आली जी. नव्या घरात! तीन महिने नाही झाले आम्हाले राहाले येऊन."

घर नागपूरच्या बेसा-पिपळा रस्त्यावरून आत गेल्यावर एका नव्या लेआउटमध्ये. 30 बाय 50चा प्लॉट, तळमजला आणि वर एक मजला, चटई क्षेत्र साधारण 1,500 चौरस फूट. तीन बेडरूम, दोन बाथरूम. भिंती फ्लाय अॅशच्या विटांच्या, बाहेरच्या नऊ इंची, आतल्या चार इंची. सगळ्या खिडक्या सरकत्या, अॅल्युमिनियमच्या, जाळीसकट. हॉल आणि तिन्ही बेडरूमला फॉल्स सीलिंग. राहणारे दोघंच: निवृत्त काका आणि गुडघेदुखीमुळे जिना टाळणाऱ्या काकू. मुलगा जर्मनीत, स्टुटगार्टला. वरचा मजला त्याच्यासाठी बांधलेला आणि म्हणून बहुतेक वेळ बंद.

ओल तपासायला मी पोहोचले तेव्हा रोगाचं निदान तिघांनी आधीच करून ठेवलं होतं. ठेकेदाराचं म्हणणं, सीपेज आहे, म्हणजे कुठून तरी पाणी झिरपतंय, गच्चीला आणि बाहेरच्या भिंतींना केमिकल कोटिंग मारू, खर्च अर्थातच वेगळा. मुलाचं म्हणणं, घरात यांत्रिक व्हेंटिलेशनच नाही, उष्णता परत मिळवणारं यंत्र बसवा, इथे जर्मनीत नव्या घरांत सर्रास असतं. त्याने एका यंत्राची माहितीपत्रकंही पाठवली होती. आणि काकांचं म्हणणं, यंत्रबिंत्र काही नको, हवा खेळती पाहिजे. "मी रोज सकाळी पाच वाजता साऱ्या खिडक्या उघडून राहिलो. दोन-दोन तास. तरी भिंत ओलीच. काहून?"

या "काहून"चं उत्तर शोधायला मला तीन फेऱ्या लागल्या.

पहिल्या फेरीत मी डाग मोजले. पाच होते. मुलाच्या बेडरूममधल्या कपाटामागे काळी बुरशी, सगळ्यात मोठा डाग तोच आणि शालूही त्याच कपाटातला. त्याच खोलीच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात छताजवळ काळसर ठिपके. जिन्याच्या भिंतीला पुट्टीचे फोड. हॉलमध्ये स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या टाइलपट्टीच्या, वर पांढरा लोणा, भिंतीतून फुटणारा क्षार. आणि खालच्या पॅसेजमध्ये, वरच्या बाथरूमच्या बरोबर खाली, पिवळट कडेचा गोल डाग. पाचही ओलीचेच, पण चेहरे वेगळे. ओल म्हणजे गळती असं ज्याच्या डोक्यात पक्कं बसलंय, त्याला हे पाच चेहरे एकच दिसतात.

मग प्लास्टिकची परीक्षा. साधा जाड पॉलिथिनचा फूटभर चौकोन कापायचा, भिंतीवर ठेवून चारही कडा टेपने घट्ट बंद करायच्या आणि एक-दोन दिवस हात लावायचा नाही. काकू म्हणाल्या, "एवढंच? यंत्र नाही काही?" एवढंच. दोन दिवसांनी टेप सोडवताना हा प्लास्टिकचा कागद कुठल्या बाजूने ओला आहे ते बघायचं. भिंतीकडच्या बाजूला पाणी असेल तर ते भिंतीतून आलं. खोलीकडच्या बाजूला दव असेल तर ते हवेतून आलं. जिन्याच्या भिंतीवरचा कागद आतून असा भिजला होता की टेप निघताच एक थेंब ओघळून स्कर्टिंगपर्यंत गेला. कपाटामागचा कागद आतून कोरडा निघाला, पण वरून बोट फिरवलं तर बोटाची रेघ उमटली. म्हणजे जिन्याच्या भिंतीला स्वतःचं पाणी होतं आणि कपाटामागे हवेचं.

भिंतीतलं पाणी आलं कुठून, याचा हिशेब कागदावर मांडला तेव्हा काका पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढून बसले. एक घनमीटर काँक्रीटला साधारण 340 किलो सिमेंट आणि 170 लिटर पाणी धरा. सिमेंट घट्ट होताना त्याच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाइतकं पाणी कायमचं बांधून घेतं, म्हणजे 85 लिटर. उरलेलं 85 लिटर मोकळं. ते कधी ना कधी वाफ होऊन बाहेर पडणार. या घराला अंदाजे 60 घनमीटर काँक्रीट लागलं असेल, तर मोकळं पाणी पाच हजार लिटर. त्यावर विटा भिजवलेल्या, विटांच्या जुडाईचा माल, प्लास्टर, सात-दहा दिवस पाइप धरून मारलेलं पाणी, टाइल्सखालचा मसाला, पुट्टी. आणि मिस्त्रीने माल सैल व्हावा म्हणून ओतलेली जास्तीची बादली मी यात धरलेलीच नाही. यातलं बरंच पाणी काम चालू असतानाच उडून जातं, हे खरं. पण शेवटचा हिस्सा निघायला महिने लागतात. पुट्टी आणि रंग चढला की भिंतीचा श्वास आणखी मंदावतो.

या घराचं प्लास्टर फेब्रुवारीत संपलं, रंग एप्रिलच्या मध्यावर आणि अक्षय तृतीयेला गृहप्रवेश. मुहूर्त चांगला होता. घर वाळवायला सगळ्या वर्षात याहून चांगला काळ नाही.

तो काळ कूलरने खाल्ला.

नागपूरच्या मे महिन्यात दुपारी 44 अंश असतात आणि सापेक्ष आर्द्रता बारा-तेरा टक्क्यांवर येते. टक्के सोडा, ग्रॅममध्ये बोलू. त्या हवेत घनमीटरमागे फार तर आठ ग्रॅम पाणी असतं. याच हवेला 44 अंशांवर बासष्ट ग्रॅमपर्यंत पाणी धरता येतं. तापलेल्या ओल्या भिंतीला अशी हवा लागली की ती पाणी अक्षरशः ओढून काढते. नवतप्यातले, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले, नऊ दिवस वरचा मजला नुसता सताड उघडा ठेवला असता, तर जे काम झालं असतं ते कुठल्याही यंत्राने महिन्यात झालं नसतं, आणि विजेचं बिल शून्य.

पण मे महिन्यात नागपुरात कोण दुपारी खिडकी उघडतं? लू चालते, समोरच्या रिकाम्या प्लॉटवरची धूळ सरळ घरात येते, आणि उन्हाळ्यात घर बंद ठेवायचं हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. ते राहत्या घराला बरोबरच आहे. काकांनी तेच केलं. खाली एक मोठा कूलर, वर एक, पाहुणे येणार म्हणून. एकेक कूलर दिवसाला सत्तर-ऐंशी लिटर पाणी पीत होता. ते पाणी जातं कुठे? घरात. वाफ होऊन.

इथे मला एक जुनी तक्रार मांडू द्या. आपण नागपूरकर म्हणतो, आपल्याकडे यांत्रिक व्हेंटिलेशन नाही. अहो, खिडकीतला कूलर दुसरं काय आहे? तो बाहेरची हवा पंख्याने ओढून घरात ढकलतो. म्हणूनच कूलर लावला की समोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवावं लागतं, नाहीतर ओली हवा आतच कोंडते आणि अंग चिकचिकतं. या घरात धुळीच्या भीतीने समोरच्या खिडक्याही बंद होत्या, आणि महाल-इतवारीच्या जुन्या घरांत छताजवळ असतात तसले झरोके इथे ठेवलेलेच नाहीत, कारण ते फॉल्स सीलिंगच्या आड गेले असते. शिवाय समोरची खिडकी उघडी ठेवली असती तरी कूलरमधून निघालेल्या 27-28 अंशांच्या हवेत वीसेक ग्रॅम पाणी असतंच. माणसाला ती सुखाची. ओल्या भिंतीला तिचा उपयोग नाही. म्हणून मे महिन्यात या घराच्या भिंती वाळल्याच नाहीत.

जूनच्या मध्यावर पाऊस आला, कूलर बंद झाले आणि एसी सुरू झाले. काकांना वाटलं, आता बाहेर गारवा आहे तर खिडक्या उघडाव्या. जुलैत 28 अंशांची हवा, आर्द्रता 85 टक्के. घनमीटरला 23 ग्रॅम पाणी. मे महिन्यातल्या त्या भाजणाऱ्या हवेच्या जवळजवळ तिप्पट. पहाटे पाच वाजता काका उघडत होते ती खिडकी पाणी आत घेत होती.

दुसऱ्या फेरीत मी मुलाच्या खोलीतलं कपाट चार जणांकडून सरकवून घेतलं. ती भिंत चार इंची, आणि तिच्या पलीकडे काका-काकूंची खोली. म्हणजे हे दोघं तेव्हा वरच झोपत होते? हो. खाली पावसाचे किडे येतात आणि वरच्या एसीची हवा गार वाटते म्हणून रोज रात्री एकदाच जिना चढायचा, असं ठरलं होतं. एसी वीसवर. रात्रभर ती भिंत गार पडायची. उघड्या भिंतीला खोलीतली ऊब मिळते, पण पाठीशी प्लायवुडचं कपाट टेकलेलं असलं की ती ऊबही पोचत नाही. इन्फ्रारेड थर्मामीटरने कपाटामागे 23 अंश दाखवले. 23 ग्रॅम पाणी असलेल्या हवेचं दव 25 अंशांच्या आसपास पडायला लागतं. आणि बुरशीला दवाचीही गरज नसते, पृष्ठभागाजवळ आर्द्रता 80 टक्क्यांवर बरेच दिवस राहिली की पुरतं. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तांब्या गळत नसतो. काकूंना हे एका वाक्यात पटलं. ठेकेदाराला पटायला वेळ लागला, कारण कोटिंगचं काम हातचं जात होतं.

आता मुलाच्या यंत्राबद्दल. तो चुकीचं बोलत नव्हता, तो स्टुटगार्टचं बोलत होता. जर्मनीत हिवाळ्यात शून्य अंशांची हवा कितीही दमट असली तरी तिच्यात घनमीटरला पाच ग्रॅमहून कमी पाणी असतं. पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडल्या की घर वाळतंच, फक्त ऊब जाते. ती ऊब वाचवायला उष्णता-परतीचं यंत्र. तिथली घरं इतकी हवाबंद बांधतात की नव्या इमारतीला व्हेंटिलेशनचा आराखडा असावा असं डीआयएन 1946-6 हे त्यांचं मानक 2009 पासून सांगतं. आपल्या जुलैत अडचण उष्णतेची नसून पाण्याची आहे. निव्वळ उष्णता अदलाबदल करणारं यंत्र 23 ग्रॅमची हवा 23 ग्रॅमचीच आत आणेल, थोडी गार करून. ओलावाही अदलाबदल करणारं यंत्र काही भाग अडवतं, पण भिंतीतलं पाणी काढणं हे त्याचं काम नाही. त्यातून आपल्या सरकत्या खिडक्यांच्या ब्रशमधून हवा झिरपत असते, मग यंत्रातून किती गेली आणि फटीतून किती, कोण सांगणार? आणि बेशाच्या धुळीत फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवायला वरच्या मजल्यावर शिडी लावून चढणार कोण? मुलाला मी हेच विचारलं. व्हिडिओ कॉलवर तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "बाबा रात्री खिडकी उघडी ठेवणार आहेत का, ते विचारा ना."

हा प्रश्न मात्र नेमका होता. मी एक कार्बन डायऑक्साइडचा मीटर त्यांच्या उशाशी ठेवून आले होते. बाहेरच्या हवेत तो साधारण 420 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 420 भाग, असतो. दार लावून, एसी लावून दोघं झोपली तर पहाटे पाचला आकडा 2,300. बारा बाय अकराची खोली, दोन माणसं, त्याच हवेत रात्रभर. स्प्लिट एसी बाहेरची हवा आणत नाही, आतलीच फिरवतो, हे सांगितल्यावर काकांना धक्काच बसला. बाहेर लटकलेला तो डबा हवा घेतो अशी त्यांची समजूत होती आणि ती फार जणांची असते. काकूंचं सकाळचं डोकं जड राहणं याच खोलीतलं. नव्या प्लायवुडच्या गोंदातून येणारा फॉर्मल्डिहाइडचा झोंबणारा वासही गरम, दमट, कोंडलेल्या खोलीत वाढतो.

हाताने खिडकी उघडून हे सुटत नाही. जुलैच्या रात्री खिडकी उघडी म्हणजे डास, पावसाची झड आणि लेआउटमध्ये अजून निम्मे प्लॉट रिकामे असल्याने चोराची धास्ती. शिवाय खिडक्या दिसायला मोठ्या असल्या तरी उघडतात किती? नकाशावर खिडक्या आणि बाल्कनीची दारं मिळून 204 चौरस फूट, पण सरकती खिडकी निम्मीच उघडते. प्रत्यक्ष उघडणारा भाग 108, म्हणजे चटई क्षेत्राच्या 7.2 टक्के. 2018च्या इको निवास संहितेत, म्हणजे घरांसाठीच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत, नागपूर ज्या संमिश्र हवामानात मोडतं त्याला किमान 12.5 टक्के सांगितलेत. ही संहिता एवढ्याशा प्लॉटला बंधनकारक नाही, पण पट्टी म्हणून लावून बघायला हरकत नाही. मुळात या खिडक्या बाहेर उघडणाऱ्या पल्ल्यांच्या केल्या असत्या तर निम्मा प्रश्न नकाशावरच सुटला असता.

तर यंत्र लागणार होतं, पण लहान. अमेरिकेतल्या अॅशरे 62.2 या मानकाच्या हिशेबाने एवढ्या घराला मिनिटाला साधारण 75 घनफूट ताजी हवा सतत हवी. त्यासाठी दोन बाथरूमचे एक्झॉस्ट पंखे पुरले असते, जर ते चालत असते. चालत होते, फिरत होते, आवाजही करत होते. मी पंख्यासमोर टिश्यू पेपर धरला. चिकटला नाही. दोन्ही पंखे डक्टमध्ये, म्हणजे बाथरूमलगतच्या उभ्या पोकळीत, सोडलेले, आणि पावसाचं पाणी येऊ नये म्हणून डक्टच्या तोंडावर ठेकेदाराने पॉलीकार्बोनेटचा पत्रा चारही बाजूंनी सिलिकॉनने सील करून बसवलेला. आंघोळीची सगळी वाफ खालून वर, वरून खाली, आणि वरच्या पंख्यातून परत बाथरूममध्ये. छताजवळचे काळे ठिपके त्या बाथरूमला लागून होते, ते या वाफेचे.

पत्रा फूटभर उचलून बाजूंना जाळी लावली. अर्ध्या दिवसाचं काम, पंख्याला टिश्यू चिकटायला लागला. वरच्या बाथरूममध्ये कमी गतीवर चोवीस तास चालेल असा पंखा बसवला आणि दार खालून अर्धा इंच तासून घेतलं. काका-काकूंच्या खोलीत बाहेरच्या भिंतीला कोअर कटिंग करून चार इंची भोक, बाहेरच्या बाजूला किंचित उतार, वर टोपी, आत जाळी आणि धुता येणारा फिल्टर. हाताला लागेल अशा उंचीवर. पंखा बाथरूममधून ओढतो, हवा या भोकातून येते. आठवड्याने पहाटेचा आकडा 1,000च्या खाली आला.

पण हीच हवा 23 ग्रॅम पाणी घेऊन येते, त्याचं काय? इथे मला तडजोड करावी लागली, आणि ती मी लपवत नाही. एसी वीसऐवजी सव्वीसवर, रात्री ड्राय मोडवर. पॅसेजमध्ये एक फिरतं डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी काढणारं यंत्र, ऑगस्ट-सप्टेंबर दोन महिने, त्याचं पाणी रोज बादलीत. काकू ते पाणी मोजून वहीत लिहायच्या. पहिल्या आठवड्यात रोज दहा-अकरा लिटर, सप्टेंबरअखेर चारवर. विजेचं बिल वाढलं, काकांनी ते मला दाखवलंही. त्यांच्या मते एवढ्यात कोटिंग झालं असतं. झालं नसतं, पण वाद घालण्यात अर्थ नव्हता. कपाट भिंतीपासून तीन इंच पुढे घेतलं आणि पाठीला भोकं पाडली. शालू उन्हात घालून ब्रशने साफ झाला, एका काठाला फिकट डाग राहिला.

रंगाला डिसेंबरपर्यंत हात लावायचा नाही, हे मात्र मी बजावून सांगितलं. ठेकेदार दिवाळीआधी पुट्टी मारून द्यायला तयार होता. काकू जवळजवळ तयार झाल्या होत्या, पाहुणे येणार म्हणून. ओल्या भिंतीवर दिवाळीची पुट्टी होळीला फुगते, असं म्हटल्यावर थांबल्या.

ऑक्टोबरपासून हवा कोरडी व्हायला लागली तशी काकांच्या पहाटेच्या खिडक्यांना काम मिळालं. नोव्हेंबरभर वरचा मजला दिवसा उघडा. कालनिर्णयशेजारी एक छोटा आर्द्रतामापक टांगला. बाहेर सावलीत एक आणि आत एक, असे दोन ठेवून ग्रॅमचा तक्ता मी लिहून दिला, पण काका तो बघत नाहीत. त्यांनी त्याचं स्वतःचं केलंय: "पापड वाळत असन तर उघडायची, पापड नरम पडत असन तर बंद." बरोबर आहे.

तिसरी फेरी डिसेंबरच्या शेवटी. प्लास्टिक पुन्हा लावलं. जिन्याच्या भिंतीवर कागद दोन्ही बाजूंनी कोरडा. लोणा ब्रशने झाडल्यावर परत आलेला नव्हता. पाचवा डाग मात्र, पॅसेजच्या छतावरचा पिवळ्या कडेचा, अजून आतून ओला. घर वाळलं तरी हा वाळला नाही, म्हणजे याला पाणी कुठून तरी मिळत होतं. वरच्या बाथरूममध्ये ट्रॅप, म्हणजे पाणी जायचं जाळीचं तोंड, बंद करून इंचभर पाणी उभं केलं, दुसऱ्या दिवशी डाग गडद झाला. नहाणी ट्रॅपच्या कडेचा सांधा भरलेला नव्हता. पाचांपैकी एक सीपेज होतं, ठेकेदार तेवढ्यापुरता बरोबर निघाला, फक्त ते गच्चीचं नव्हतं आणि चूक त्याचीच होती. जानेवारीत चार टाइल्स फोडून त्याने ते करून दिलं, पैसे न मागता.

त्या फेरीच्या वेळी मुलगा नाताळच्या सुटीत आलेला होता. सकाळी सहाला, बाहेर अकरा अंश असताना, त्याने हॉलच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या सताड उघडल्या. काका मफलर गुंडाळत आले. "बंद कर रे बावा, थंडी वाजून राहिली." त्याने मला फोन लावून स्पीकरवर टाकला. मी सांगितलं, आज तुमचा मुलगा बरोबर आहे, बाहेरच्या हवेत सात-आठ ग्रॅम पाणी आहे, मे महिन्याइतकंच. काकांनी घड्याळ बघितलं, दहा मिनिटं म्हणाले, आणि कानटोपी घालून खिडकीपाशीच उभे राहिले.